नव्या वर्गाविषयीचा पहिला ग्रह

सत्राचा पहिला आठवडा महाविद्यालयात मोठ्या धांदलीचा असतो. प्रवेशाच्या याद्या अजून पुऱ्या झालेल्या नसतात, वेळापत्रक एकदोनदा बदललेले असते, आणि कोणता तास कोणत्या खोलीत आहे हे शिपायावाचून कोणालाच निश्चित ठाऊक नसते. अशा धांदलीत प्राध्यापक हजेरीपट हाती घेऊन नव्या वर्गात पाऊल टाकतात. साठ-सत्तर अनोळखी चेहरे त्यांच्याकडे पाहत असतात. हजेरी होते, विषयाची प्रस्तावना होते, एकदोन प्रश्न विचारले जातात आणि घंटा होते. स्टाफरूममध्ये परतल्यावर कोणी सहकारी सहज विचारतो, “कसा काय आहे यंदाचा वर्ग?” ह्या प्रश्नाला उत्तर द्यावयास पाऊण तासाचा परिचय पुरेसा आहे काय, असा विचार सहसा कोणी करीत नाही. उत्तर तयारच असते. “बरा दिसतो,” “फार थंड आहे,” किंवा “गेल्या खेपेचा वर्ग ह्याहून चुणचुणीत होता.”

माणसाने माणसाविषयी पहिल्या भेटीतच काही ग्रह करून घ्यावा, हे स्वाभाविक आहे. तसा तो न केला तर रोजचा व्यवहारच चालणार नाही. परंतु इतरत्र होणाऱ्या ग्रहात आणि वर्गात होणाऱ्या ग्रहात एक महत्त्वाचा फरक आहे. आगगाडीतील सहप्रवाशाविषयी आपला चुकीचा ग्रह झाला, तरी त्याचे काही बिघडत नाही; त्याचे स्टेशन आले की तो उतरून जातो. विद्यार्थी मात्र सत्र संपेपर्यंत त्या ग्रहाखालीच बसलेला असतो. त्याला कोणता प्रश्न विचारला जाईल, त्याच्या उत्तराची वाट किती पाहिली जाईल, त्याची वही किती लक्षपूर्वक तपासली जाईल, ह्या सर्व गोष्टी त्या ग्रहावर थोड्याबहुत अवलंबून असतात.

सत्रपद्धतीमुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. पूर्वी बहुतेक विद्यापीठांतून वार्षिक पद्धती होती. जूनमध्ये झालेली ओळख गणेशोत्सव, दिवाळी, स्नेहसंमेलन अशा टप्प्यांनी मुरत जाई आणि परीक्षेपर्यंत पहिला ग्रह कितीतरी वेळा दुरुस्त होई. गेल्या काही दशकांत सत्रपद्धती सर्वत्र रूढ होत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचविल्याप्रमाणे एका सत्रात पंधरा ते अठरा आठवडे, म्हणजे अध्यापनाचे सुमारे ९० दिवस असतात. शिवाय एकूण गुणांपैकी काही गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी राखलेले असून ते वर्गावर शिकविणाऱ्या शिक्षकाच्याच हाती असतात. म्हणजे वर्षातून दोनदा नवा वर्ग, दोनदा नवा ग्रह, आणि तो चुकला असल्यास दुरुस्त करावयास पूर्वीपेक्षा निम्माच अवधी, अशी आजची स्थिती आहे.

हा पहिला ग्रह बनतो तरी कशाचा? बारकाईने पाहिले तर त्यातील पुष्कळसा भाग विद्यार्थ्यांच्या बुद्धीशी संबंध नसलेल्या गोष्टींचा असतो. सकाळच्या तासाला जो वर्ग तरतरीत वाटतो, तोच दुपारी जेवणानंतरच्या तासाला पेंगुळलेला दिसतो. लहान खोलीत चाळीस जण दाटीने बसले की वर्ग जिवंत वाटतो. तेच चाळीस जण दीडशे आसनांच्या दालनात विखुरले की तो निरुत्साही भासतो. एकाच शाळेतून आलेली पाचसहा मुले एकत्र बसलेली असली की हास्यविनोद होतो, आणि वर्ग मोकळा आहे असे वाटू लागते. उलट, सारेच एकमेकांना परके असले तर पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडत नाही. पुष्कळदा तर दोन बोलक्या विद्यार्थ्यांच्या जोरावर सबंध वर्गाला ‘हुशार’ ही पदवी मिळून जाते. त्यांच्यामागे बसलेल्या अठ्ठावन्न जणांचा विचार त्यात आलेलाच नसतो.

चेहरा दिसण्यापूर्वीही काही ग्रह होऊन जातो, तो हजेरीपटावरून. आपल्या समाजात आडनाव हे केवळ ओळखीचे साधन नाही. त्यावरून गाव कळते, मातृभाषा कळते आणि पुष्कळदा जातही कळते. “हजर” हा शब्द ऐकण्याआधीच त्या नावाभोवती काही कल्पना गोळा झालेल्या असतात. त्या मनात आल्याच नाहीत असे म्हणणाऱ्यापेक्षा, त्या येतात हे मान्य करणारा शिक्षक अधिक सुरक्षित होय.

ह्या सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे भाषा. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या, पण महाराष्ट्राबाहेरील नगरांतून ह्याचा अनुभव विशेष येतो. समजा, खानापूर तालुक्यातील एखाद्या गावाहून एक मुलगी बेळगावच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात येते. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झालेले आहे. पुढील दोन वर्षे इंग्रजी पुस्तके वाचून, बरेचसे पाठ करून तिने पार पाडली आहेत. वाचलेले तिला समजते. परंतु चारचौघांत उभे राहून इंग्रजीत दोन वाक्ये बोलण्याचा प्रसंग तिच्यावर आलेला नाही. गावाहून येणारी बस तिला पहिल्या तासाला वेळेवर पोहोचवीत नाही. उशिरा आल्यामुळे पुढची बाके भरलेली असतात, म्हणून ती शेवटच्या बाकावर बसते. चौथ्या दिवशी तिला प्रश्न विचारला जातो. ती उभी राहते, ओठ हलतात, पण शब्द फुटत नाही. पुढच्या बाकावरचा मुलगा तेच उत्तर सफाईने देतो.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्राध्यापकांच्या मनात तिच्याविषयी तीन गोष्टींची नोंद झालेली असते. ती उशिरा येते, ती मागे बसते आणि ती उत्तर देत नाही. ही तिन्ही निरीक्षणे अगदी खरी आहेत. त्यांवरून काढलेला ‘अभ्यासात रस नाही’ हा निष्कर्ष मात्र खोटा आहे. पहिले निरीक्षण बसविषयी काही सांगते, दुसरे त्या बसचाच परिणाम आहे, आणि तिसरे शिक्षणाच्या माध्यमाविषयी आहे. तिच्या बुद्धीविषयी त्यांतील एकही काही सांगत नाही.

हा पेच आजचा नव्हे. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यावेळी हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात मराठी आणि वर्गात उर्दू असे. गोमंतक डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर १९६२ साली पणजीचे धेंपे महाविद्यालय आणि मडगावचे चौगुले महाविद्यालय निघाले. त्या भूमीत पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी अशा तीन माध्यमांतून शिकलेले तरुण होते, आणि घरात बहुतेकांची कोकणी होती. बडोद्यात मराठी घरातील मुलगा गल्लीत गुजराती बोलतो आणि महाविद्यालयात इंग्रजी ऐकतो. इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदीचा संबंध येतो. अशा ठिकाणी वर्गातील मौनाचे अर्थ अनेक असतात. एक जण काही सुचत नाही म्हणून गप्प असतो. दुसऱ्याला सुचलेले असते, पण ते दुसऱ्या भाषेत; आणि त्याचे मनातल्या मनात भाषांतर पुरे होईपर्यंत प्रश्न पुढे निघून गेलेला असतो. वरून दोन्ही मौने सारखीच दिसतात.

एका निरीक्षणावरून सबंध माणूस ठरविण्याच्या ह्या प्रवृत्तीचा मानसशास्त्रात पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि त्यातील बरेचसे आरंभीचे काम अमेरिकेत झाले. एडवर्ड थॉर्नडाइक ह्या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य ह्या निरनिराळ्या गुणांसाठी दिलेल्या श्रेणी त्याने तपासल्या. तेव्हा असे दिसले की ज्याला एका बाबतीत वरची श्रेणी मिळाली, त्याला इतर बाबतींतही ती मिळत गेली होती. इतकी की, हे गुण वेगवेगळे मोजले गेले असावेत असे मानणेच कठीण होते. देवादिकांच्या चित्रात मस्तकाभोवती जसे तेजोवलय काढतात, तसे एका गुणाचे तेज सबंध व्यक्तीवर पसरते, म्हणून ह्या दोषाला ‘वलय-परिणाम’ हे नाव पडले. सफाईने इंग्रजी बोलणारा विद्यार्थी गणितातही हुशार असेल असे वाटणे, हा त्याचाच वर्गातील नमुना होय.

ग्रह चुकीचा असणे ही झाली अर्धी अडचण. तो स्वतःला खरा करून घेऊ शकतो, ही उरलेली अर्धी. ह्याविषयीचा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन ह्यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केला. तो १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शाळेतील मुलांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली आणि शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले की, ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे चाचणीवरून दिसते. वास्तविक ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा खालच्या दोन इयत्तांतील ह्या मुलांनी इतरांपेक्षा खरोखरच अधिक प्रगती केल्याचे आढळले. वरच्या इयत्तांत असा फरक फारसा दिसला नाही.

ह्या प्रयोगावर पुढे कठोर टीका झाली. टीकाकारांत रॉबर्ट थॉर्नडाइक हे होते. वलय-परिणाम दाखवून देणाऱ्या एडवर्ड थॉर्नडाइकचे हे चिरंजीव. प्रयोगात वापरलेली चाचणी लहान मुलांसाठी विश्वसनीय नव्हती, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा ली जसिम आणि केंट हार्बर ह्यांनी २००५ साली घेतला. शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो हे खरे, पण तो सामान्यतः लहान असतो. शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतात, ते त्यांच्या निरीक्षणात तथ्य असल्यामुळे, असे त्यांनी दाखविले. परंतु त्याच आढाव्यात एक इशाराही आहे. ज्यांच्याविषयी समाजात आधीच हीन कल्पना रूढ आहेत, अशा गटांतील विद्यार्थ्यांवर हा परिणाम अधिक होण्याचा संभव असतो. म्हणजे ज्याला वर्गात प्रतिष्ठा आहे, त्याच्याविषयी शिक्षकाचा ग्रह चुकला तरी तो तरून जाईल. शेवटच्या बाकावरील खेड्यातल्या मुलीला मात्र ती चूक महाग पडेल.

अपेक्षा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते कशी? कोणी वर्गात उभे राहून “तुला काही येणार नाही” असे म्हणत नाही. ते काम लहानसहान गोष्टींतून होते. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास शाळांतील विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. एवढेच नव्हे, तर ज्यांना ते हुशार समजत, त्यांच्यासाठी ते अधिक वेळ थांबत, आणि ज्यांना कच्चे समजत, त्यांच्यासाठी कमी. ज्याला विचार करावयास अधिक वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळे. शिक्षकांनी जाणूनबुजून तीन सेकंद किंवा अधिक थांबण्याची सवय केली, तेव्हा उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली, आणि त्यांच्याविषयी शिक्षकांचे मतही बदलले. तीन सेकंद म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे. परंतु मराठीत सुचलेले उत्तर इंग्रजीत आणणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढाही आधार होतो.

ह्या विषयाला दुसरीही बाजू आहे. शिक्षक वर्गाला पारखत असतो, त्याच वेळी वर्गही शिक्षकाला पारखत असतो. हॅरोल्ड केली ह्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांपुढे एक नवे अध्यापक येणार होते. त्यांची छापील माहिती आधी वाटण्यात आली. ती सर्वांना सारखीच होती. फरक एका शब्दाचा होता. काहींच्या कागदावर ते ‘अतिशय स्नेहशील’ आहेत असे होते, तर काहींच्या कागदावर ‘काहीसे रूक्ष’. व्याख्यान एकच, खोली एकच. पण ज्यांनी ‘स्नेहशील’ वाचले होते, त्यांपैकी ५६ टक्के विद्यार्थ्यांनी चर्चेत भाग घेतला. ‘रूक्ष’ वाचलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनीच घेतला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानी येते. प्राध्यापकांना जो वर्ग ‘थंड’ वाटतो, तो कदाचित वरच्या वर्गातल्या मुलांकडून काही ऐकून आलेला असेल. तसे असेल तर वर्गाला थंड म्हणणारा शिक्षक आपल्याच कीर्तीचा पडसाद ऐकत असतो.

भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी ह्यांनी रोझेंथाल ह्यांच्यासमवेत १९९३ साली दाखवून दिले की, महाविद्यालयीन अध्यापकांची आवाज बंद केलेली अवघ्या तीस सेकंदांची दृश्ये पाहून परक्या माणसांनी दिलेले अभिप्राय, आणि सत्राच्या शेवटी त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलेले अभिप्राय, ह्यांत बराच मेळ होता. ह्याचा एक अर्थ असा होतो की पहिली नजर पुष्कळदा अचूक असते. परंतु दुसराही अर्थ संभवतो. पहिल्या दिवशी झालेले मत सत्रभर कोणी बदललेच नाही, म्हणून शेवटचे मत पहिल्यासारखे निघाले असेल. शिवाय अध्यापक आवडणे आणि त्याच्याकडून विद्या मिळणे, ह्या एकच गोष्टी नव्हेत.

मग शिक्षकाने करावे काय? ग्रह होऊच द्यावयाचा नाही, हा उपदेश व्यर्थ आहे. डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला दिसणारच. करण्याजोगे आहे ते इतकेच की पहिला ग्रह पेन्सिलीने लिहावा, शाईने नव्हे. काही अनुभवी प्राध्यापक हे अक्षरशः करतात. पहिल्या आठवड्यात ते आपल्या वहीत नावापुढे जे पाहिले तेवढेच लिहितात. ‘तीनदा उशिरा’ असे लिहितात, ‘आळशी’ असे लिहीत नाहीत. चौथ्या आठवड्याअखेर ती पाने पुन्हा उघडली की किती नोंदी खोडाव्या लागतात, हे पाहून त्यांचे त्यांनाच नवल वाटते.

दुसरा उपाय लेखी उत्तराचा. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. म्हणजे नावावरून ग्रह होतो आणि ग्रहावरून गुण ढळतात, हे विद्यापीठांनी पूर्वीच ओळखले आहे. तेच तत्त्व वर्गात लहान प्रमाणावर वापरता येते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक प्रश्न द्यावा, दहा मिनिटे द्यावीत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहिण्याची मुभा द्यावी, आणि नाव कागदाच्या मागे लिहावयास सांगावे.

समजा, बेळगावच्या त्या वर्गात अर्थशास्त्राच्या तासाला प्रश्न दिला की, पीक भरघोस आले तरी शेतकऱ्याचे उत्पन्न का घटते? पुढच्या बाकावरून मागणीच्या लवचिकतेची व्याख्या येईल, पुस्तकातल्यासारखी आणि बिनचूक. आणि एखाद्या कागदावर मराठीत लिहिलेले असेल की, टोमॅटो सर्वांचा एकाच आठवड्यात तयार होतो, ठेवायला जागा नसते, म्हणून सगळे एकाच वेळी बाजारात नेतात; भाव इतका पडतो की जास्त माल विकूनही हाती कमी पैसे येतात, आणि भाव उतरला म्हणून कोणी दुप्पट टोमॅटो खात नाही. ह्या शेवटच्या वाक्यात लवचिकतेचा सिद्धांत आलेला आहे, केवळ त्याचे नाव आलेले नाही. कागद उलटून नाव पाहिले की ते शेवटच्या बाकावरचे निघते. नाव शिकविणे सोपे असते. ती समज शिकविणे अवघड असते, आणि ती तर तिने घरूनच आणलेली आहे.

असा कागद प्रत्येक वेळी निघेलच असे नाही. काही विद्यार्थी खरोखरच उदासीन असतात आणि काही पहिले ग्रह खरेच ठरतात. शिक्षकाने सर्वांना हुशार मानावे, असा ह्याचा अर्थ नव्हे. खोटी स्तुतीही विद्यार्थ्याला लगेच ओळखू येते. मत देण्यापूर्वी पुरावा तपासावा आणि पुरावा गोळा करण्याची संधी प्रत्येकाला सारखी मिळावी, एवढेच म्हणणे आहे. पंधरा आठवड्यांपैकी पहिले तीन ह्या कामी खर्च झाले तर उरलेले बारा अधिक फलदायी होतात.

पुढच्या सत्रातही बस उशिराच येईल. दार उघडेल, साऱ्यांच्या माना वळतील, आणि ती मुलगी खाली पाहत शेवटच्या बाकाकडे जाईल. त्या बसवर प्राध्यापकांचा काही इलाज नाही. परंतु तिच्या नावापुढे काय लिहावयाचे, आणि ते पुन्हा केव्हा वाचावयाचे, हे मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती आहे.